दिवाळीच्या किल्ल्याला समुद्र हवा : लाकडी गुराबेची प्रतिकृती का करावी आणि कशी करावी

१/ दिवाळी जवळ आली की अहिल्यानगरच्या गल्लीबोळांत माती, विटा आणि पोती गोळा होऊ लागतात. मुले राजगड उभारतात, प्रतापगड उभारतात, एखादे धाडसी मंडळ जंजिरा किंवा सिंधुदुर्गही हाती घेते. जलदुर्गाभोवती निळा रंग फासला जातो आणि त्यावर बाजारातले प्लास्टिकचे जहाज ठेवले जाते. तटाचा प्रत्येक बुरूज मोजून बांधणारे हात जहाजाच्या बाबतीत एवढे उदासीन का? माझे मत स्पष्ट आहे : लाकडी नौकेची प्रतिकृती घडवणे ही इतिहास समजून घेण्याची एक रीत आहे आणि आपण ती वापरत नाही. हा धागा त्याविषयी.

२/ ‘नगरचा आणि समुद्राचा काय संबंध?’ हा प्रश्न येणारच. १४९४ मध्ये मलिक अहमदने सीना नदीकाठी शहर वसवले, त्या निजामशाहीचे मोठे बंदर चौल होते. १५०८ मध्ये याच चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुकांचे आरमार आणि दीवचा मलिक अयाज यांनी पोर्तुगीजांना गाठले. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा मारला गेला. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलच्या पोर्तुगीज ठाण्याला वेढा घातला, पण ते त्याच्या हाती लागले नाही. भुईकोटाच्या तटावर उभे राहून हा समुद्र दिसत नाही, म्हणून तो नगरच्या इतिहासातून वगळायचा काय?

३/ चौलला काय उतरत असे, याचे एक चित्र पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामशाहीपूर्वी बहमनी काळात आलेल्या अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याने ठेवले आहे. तो होर्मुझहून एका घोड्यासह निघाला, चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला पोहोचला. आता १:५० प्रमाणाची नौका घ्या. दीड मीटर उंचीचा घोडा त्यात ३ सेंटिमीटरचा होईल. तो कोठे उभा करणार? त्याचे पाणी, त्याचा चारा कोठे ठेवणार? वाचताना एका ओळीत संपणारा प्रवास हातात पटाशी घेतली की प्रश्नांनी भरून जातो.

४/ आपल्या अडचणीचे मूळ असे की तट दगडाचा असतो आणि जहाज लाकडाचे. तट उरतो; जहाज कुजते, बुडते किंवा जळते. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्रे यांचे आरमार आगीत नष्ट झाले. याउलट मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी सागवानातून बांधलेली, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही ब्रिटिश युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाहता येते.

५/ ‘त्रिंकोमाली’ ब्रिटिश नौदलाच्या आराखड्यावरून बांधली गेली. ब्रिटनमध्ये तर सतराव्या शतकापासून युद्धनौकांच्या लाकडी प्रतिकृती होत असत. त्यांतील अनेकींच्या तळाच्या फळ्या मुद्दाम लावलेल्या नसत, म्हणजे आतल्या फासळ्या दिसत. कोकणचा कारागीर मात्र नजरेने आणि हाताच्या मापाने बांधत असे. त्याचे ज्ञान कागदावर उतरले नाही. म्हणून आपल्या गुराबेची प्रतिकृती करताना नकाशा मागवण्याची सोय नाही. पुरावे जोडूनच ती घडवावी लागते.

६/ पुरावे आहेत, फक्त विखुरलेले आहेत. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळावर वल्ह्यांच्या युद्धनौका कोरलेल्या आहेत. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ आरमारावर स्वतंत्र प्रकरण देते आणि गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात असे सांगते. आणि अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंग्र्यांच्या गुराबा-गलबतांचे बारकाईने वर्णन केले आहे.

७/ ऑर्मच्या वर्णनाचा सारांश असा : गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, पाण्यातली खोली कमी. नाळ भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी पुढे आलेली. तिच्यामागे आडवी भिंत आणि त्या भिंतीतल्या झरोक्यांतून ९ ते १२ पौंडी दोन तोफा थेट समोर मारा करीत. आता तुम्ही युरोपीय जहाजासारखा उंच, गोल पुढचा भाग केलात तर या तोफांचा मार्गच बंद होतो. खोल तळ केलात तर खाडीत शिरण्याची तिची शक्ती गेली. म्हणजे आकार चुकला की युद्धनीतीच चुकते.

८/ गलबताचे गणित याहून मजेचे. ऑर्म ४० ते ५० वल्ही सांगतो. दोन्ही बाजूंना वीस-वीस धरा. एका वल्हेकऱ्याला हात मागेपुढे करायला सुमारे ९० सेंटिमीटर जागा द्या. केवळ वल्ह्यांचीच रांग १८ मीटरची झाली. १:५० प्रमाणात ३६ सेंटिमीटर. पंचवीस सेंटिमीटरच्या ‘सुबक’ गलबताला चाळीस वल्ही लावून पाहा, ती एकमेकांवर आदळतील. पुस्तकातला आकडा खरोखर काय सांगत होता, हे तेव्हा कळते.

९/ आता कृती. नवशिक्याने फळ्यांचे थर एकावर एक चिकटवून ठोकळा करावा. बाजूचा, वरचा आणि आडव्या छेदांचा आकार पुठ्ठ्यावर कापून घ्यावा आणि तो लावून पाहत पटाशी, रंधा, कानस यांनी लाकूड उतरवावे. हात बसला की दुसरी रीत : मधला कणा, त्यावर ठरावीक अंतराने उभ्या फासळ्या आणि त्यांवर पातळ पट्ट्या. पट्टी गरम पाण्यात भिजवून तापलेल्या नळीवर हळूहळू वाकवावी. उजवीकडे एक पट्टी लावली की डावीकडे एक लावावी, नाहीतर सांगाडा एका अंगाला ओढला जातो.

१०/ खरे जहाज सागवानाचे, म्हणून प्रतिकृतीही सागवानाची, हा हट्ट नको. सागाच्या रेषा ठसठशीत असतात. लहान आकारात त्या विजोड दिसतात. शिवण किंवा हेद यांसारखे बारीक पोताचे लाकूड बरे. ऑर्मच्या म्हणण्याप्रमाणे लहान गलबतांवर हलकेपणासाठी चिरलेल्या बांबूची डेक असे. तिथे बांबूच वापरा. आणि झाड तोडू नका. आंबा-फणस रयतेने लेकरांसारखे वाढवलेले असतात, त्यांना हात लावू नये, अशी ताकीद आज्ञापत्रानेच दिली आहे. सुताराच्या दुकानातले तुकडे पुरेसे आहेत.

११/ आक्षेप असा घेतला जातो की नकाशाच नसेल तर प्रतिकृती म्हणजे कल्पनाविलास. यावर माझा उपाय साधा आहे. ज्या भागाला पुरावा आहे तो एका रंगाच्या लाकडात करा, जो तर्काने केला तो दुसऱ्या. फुटलेले मडके जोडताना उरलेली जागा वेगळ्या रंगाने भरतात, तसे. भारतीय नौदलाची ‘कौंडिण्य’ ही शिवलेल्या फळ्यांची नौका अजिंठ्याच्या एका चित्रावरून साकारली, आराखडा नव्हताच. तिची लहान प्रतिकृती आयआयटी मद्रासमध्ये पाण्यात तपासली गेली आणि मे २०२५ मध्ये कारवारला ती नौदलात दाखल झाली. तर्क उघडपणे मांडला आणि तपासला की तो कल्पनाविलास राहत नाही.

१२/ खरा धोका उलट दिशेला आहे. तीन डोलकाठ्यांच्या परदेशी जहाजावर भगवा लावून त्याला ‘मराठा आरमार’ म्हणणे, हा अभिमान नव्हे. ज्यांनी गुराब घडवली त्या कारागिरांची बुद्धी नाकारणे आहे. त्यांनी उथळ खाड्या, कोकणचा वारा आणि समोरून मारा करण्याची गरज यांचा मेळ घालून स्वतःचा आकार शोधला होता. तो आकार आपल्या मुलांना ओळखता आला पाहिजे.

१३/ म्हणून नगरच्या मंडळांना विनंती : येत्या दिवाळीत एक मावळा कमी करा आणि एक गुराब वाढवा. चौलची खाडी मांडा. शेजारी पाटी लावा : प्रमाण किती, पुरावा कोणता, तर्क कोणता. पाहणाऱ्याने ‘वा, सुंदर!’ म्हणण्याआधी ‘हे असेच का?’ असे विचारले, तर तुमचा किल्ला त्या दिवशी जिंकला.