नळी कापायचीय? सोनाराला विचारा!

ऑनलाइन कार्टमध्ये टाकलेला तो इम्पोर्टेड ट्यूब कटर जरा राहू द्या तिथेच. ऑर्डर करण्याआधी दोन मिनिटं इकडे द्या.

स्केल मॉडेलिंगचा नाद लागलेल्यांना वेगळं सांगायला नको. किटमधला रणगाडा किंवा विमान जोडून होतं आणि मग नजर जाते बंदुकीच्या नळीवर. प्लास्टिकची भरीव काडी, तोंडाला भोकच नाही! मग आपण पितळेच्या बारीक नळीकडे वळतो. मशीनगनची नळी, विमानाची पिटॉट ट्यूब, जहाजाची डोलकाठी, कारचा एक्झॉस्ट... सगळं तिच्यातून निघतं. फक्त एकच अडचण. नळी आणणं सोपं, ती स्वच्छ कापणं महाकठीण. आणि इथेच आपलं ठरलेलं रडगाणं सुरू होतं : ‘इंडियात टूल्सच मिळत नाहीत यार.’

माझं मत विचाराल, तर हे रडगाणं खोटं आहे. बारीक नळी कापण्याचं कसब आपल्या गल्लीत, सोनाराच्या पाटावर कधीचं बसलेलं आहे. आपण तिकडे बघत नाही, कारण तो ‘हॉबी’वाला नाही, कारागीर आहे.

आधी अडचण समजून घ्या. हॉबीच्या दुकानात मिळणारी एक षोडशांश इंची नळी बाहेरून सुमारे १.६ मिलिमीटर, आणि तिची भिंत जेमतेम ०.३६ मिलिमीटर. पक्कडीने कापली तर ती चेपते. साध्या हॅकसॉच्या बारीकातल्या बारीक पात्याला इंचाला ३२ दात, म्हणजे दोन दातांत ०.८ मिलिमीटर अंतर. भिंत त्याच्या निम्मीही नाही. दात तिच्यात अडकतो, नळी फाटते. प्लंबरच्या कटरचं छोटं भावंड असतं, ते चाकाने दाबत कापतं. त्यामुळे कड आत वळते आणि भोक अरुंद होतं. शिवाय त्यातले बरेचसे ३ मिलिमीटरपासून पुढेच चालतात.

‘थोडंसं वाकडं चालेल की’ असं वाटत असेल, तर हिशेब करा. १:३५ मध्ये अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या रणगाड्यावर पावणेदोन सेंटिमीटर. १:७२ च्या विमानावर तीच चूक साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे जाते. टी-७२ रणगाडा घ्या, आपल्या लष्करातला ‘अजेय’. त्याच्या टरेटवर धुराचे गोळे फेकणारी ८१ मिलिमीटरची नळकांडी रांगेने बसवलेली असतात. १:३५ मध्ये त्यांचं भोक २.३ मिलिमीटरचं. अशी एकसारखी नळकांडी शेजारी शेजारी लावायची, तर एक जरी आखूड निघालं तरी लांबूनही खटकतं.

आता सोनाराकडे या. कड्याची किंवा तोड्याची बिजागरी बघितलीय कधी नीट? ती नळीच्याच इवल्या तुकड्यांची असते. तुकडे जराही तिरके असतील तर कडं मिटत नाही. सोनार हे काम अतिशय बारीक पात्याच्या करवतीने करतो. ८/० नंबरच्या पात्याला इंचाला ऐंशीच्या वर दात असतात. म्हणजे दातांमधलं अंतर आपल्या नळीच्या भिंतीपेक्षाही कमी. पात्याला मेण लावायचं, दात मुठीच्या दिशेला ठेवायचे, म्हणजे खेचताना काप बसतो. जोर शून्य. करवतीला तिचं काम करू द्यायचं. ही करवत मुंबईत झवेरी बाजाराच्या आसपास सोनारकामाच्या सामानाच्या दुकानांत मिळते. तुमच्या गावच्या सराफ कट्ट्यावर विचारलंत, तर तिथेही पत्ता लागेल.

करवत नसेल तर सर्जिकल ब्लेड आहेच. मेडिकलमधून २२ नंबरचं, गोलसर धारेचं पातं आणा. जिथे कापायचं तिथे नळीभोवती मास्किंग टेपचा वेढा द्या. नळीच्या आत तिच्याच मापाची पोलादी तार किंवा ड्रिल बिटचा दांडा सरकवा, म्हणजे ती चेपणार नाही. अगदी ०.३ मिलिमीटर भोकाच्या नळीत इलेक्ट्रिक गिटारची सगळ्यात बारीक तार चपखल बसते. मग नळी कटिंग मॅटवर ठेवा, टेपच्या कडेला पातं टेकवा आणि हलक्या हाताने पुढे-मागे लाटा. पोळी लाटतो तसं. पहिला फेरा सगळ्यात महत्त्वाचा. पातं काटकोनात नसेल तर खाच जिथून सुरू झाली तिथे परत येत नाही, स्क्रूच्या आट्यांसारखी भरकटते. खाच खोल झाली की आतली तार काढा आणि नळी हळूच वाकवा, तुकडा सुटतो. मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर तोंड सपाट करा, आणि आत राहिलेली झालर ड्रिल बिट बोटांनी फिरवून काढा.

पितळी नळी मिळतच नसेल, तर इंजेक्शनची सुई घ्या. कोरीच, वापरलेली अजिबात नाही. १८ गेजची सुई बाहेरून १.२७ मिलिमीटर, २६ गेजची ०.४६. पण हे स्टेनलेस स्टील आहे, ब्लेडला दाद देत नाही. त्रिकोणी कानशीने गोल खाच पाडायची आणि मोडायचं. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि तुटलेलं टोक झाकणाच्या डबीत.

‘एवढा कुटाणा कशाला? रेडिमेड मेटल बॅरल मिळतात, थ्रीडी प्रिंटर आहे,’ असं कुणीतरी म्हणणारच. अर्धं बरोबर आहे. रणगाड्याची मुख्य तोफ पुढे निमुळती होत जाते. ती सरळ नळीतून निघणार नाही, तिथे लेथवर कातलेली तयार नळीच घ्या. पण रेझिनमध्ये छापलेली काडीएवढी पोकळ नळी ठिसूळ असते, बोट लागलं की गेली. आणि प्रत्येक छोट्या तुकड्यासाठी पार्सलची वाट बघणार असाल, तर तुम्ही मॉडेल करत नाही, शॉपिंग करताय.

प्रश्न खरं तर नळीपुरता नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्या हाताखाली शिकावं, असं त्यात म्हटलंय. आज कॉलेजात असलेले आपण बहुतेक जण त्याआधीच आठवी ओलांडून आलो. कुणी आयटीआयला फिटर ट्रेड घेतला, तर तो कानस आणि हॅकसॉ यांच्यापासून सुरुवात करतो. आपण मात्र ‘आयटीआयला गेला’ हे वाक्य कसल्या सुरात म्हणतो, ते आठवून बघा. तोच फिटर ०.३६ मिलिमीटरची भिंत न चेपता कशी धरायची हे सांगू शकतो. आपण त्यासाठी जपानी मॉडेलरचा व्हिडिओ सबटायटल लावून बघतो, त्याला ‘लेजंड’ म्हणतो आणि त्याच्या हाताला सलाम ठोकतो. झवेरी बाजारातल्या माळ्यांवर मान मोडून बसलेल्या बंगाली कारागिराच्या हाताला तो सलाम का नाही? हात तोच, धातूही जवळपास तोच. फरक फक्त आपल्या नजरेत आहे.

तेव्हा कटरचे पैसे वाचवा. त्यात एक करवत, डझनभर पाती आणि हातभर पितळी नळी येईल. या सुट्टीत जवळच्या सोनाराकडे जा, पण गर्दी नसताना. लग्नसराईत तर नकोच, हाकलून देतील! जाताना मॉडेलही न्या, त्यांनाही बघायला आवडेल. आणि ‘काका, ही नळी न चेपता कशी कापायची?’ एवढंच विचारा. ते करून दाखवतील तेव्हा मोबाइल खिशात असू द्या. त्यांच्या करवतीचा कोन बघा, मनगट किती कमी हलतं ते बघा. मग पहिला काप त्यांच्यासमोरच मारा.