विश्लेषण : वणवा दारात आला, तरी मोबाइल का वाजला नाही?

८ नोव्हेंबर २०१८. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, डोंगरमाथ्यावर पाइनच्या जंगलात वसलेलं पॅराडाइज हे गाव काही तासांत जळून गेलं. ‘कॅम्प फायर’ नावाच्या या वणव्याने ८५ जणांचा जीव घेतला. १८ हजारांहून अधिक घरं, दुकानं, इमारती खाक झाल्या. वणवा म्हटलं की आपण ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणून मोकळे होतो. इथे मात्र ते पटत नाही.

ठिणगी कुठे पडली?

पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या वीज कंपनीच्या मनोऱ्यावरचा एक हुक तुटला. सुमारे शंभर वर्षं झिजत आलेला. विजेची तार मनोऱ्याला लागली आणि ठिणग्या वाळक्या गवतात पडल्या. पाऊस लांबलेला, वारा सोसाट्याचा. दीड-दोन तासांत आग गावात शिरली. २०२० मध्ये कंपनीने न्यायालयात मनुष्यवधाचे ८४ गुन्हे कबूल केले. हुक वेळेत बदलला नाही, याचा दोष निसर्गाला कसा देणार?

लोक का अडकले?

गावाची वस्ती २६ हजारांच्या आसपास, बाहेर पडायचे रस्ते मोजकेच. २००८ च्या वणव्यातही इथे कोंडी झाली होती. म्हणजे धोका माहीत होता. गावाने विभागवार स्थलांतराचा आराखडाही केला होता. पण तो एकेक विभाग क्रमाने हलवण्याचा होता. प्रत्यक्षात सगळं गाव एकाच वेळी रस्त्यावर आलं.

आणि इशारा?

इथे खरी मेख आहे. इशारा देणारी सेवा आधी नोंदणी केलेल्यांसाठीच होती आणि अनेकांनी नोंदणी केलीच नव्हती. टॉवरच्या टप्प्यातल्या प्रत्येक मोबाइलवर संदेश पाठवणारं तंत्रज्ञान उपलब्ध होतं, पण पॅराडाइजसाठी ते वापरलं गेलं नाही. मृतांमध्ये बहुसंख्य ज्येष्ठ नागरिक होते.

आपल्यासाठी धडा काय?

२०२३ मध्ये आपल्याकडेही मोबाइल मोठ्याने वाजवणारे चाचणी संदेश आले होते. त्यासाठी कुणालाही नोंदणी करावी लागली नव्हती. दुसरीकडे, भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या मदतीने वणव्याचे इशारे देते. त्यांच्या एसएमएससाठी मात्र नोंदणी लागते. जंगलाला लागून राहणाऱ्यांपैकी किती जण ती करतील?

आगीत टॉवरही बंद पडतात, त्यामुळे सगळी भिस्त मोबाइलवर ठेवून चालणार नाही. पॅराडाइजमध्ये आता भोंगे बसवले आहेत. आपल्याकडेही जंगलालगतच्या वस्त्यांना दोन्ही हवं : आपोआप येणारा संदेश आणि गावातला भोंगा. जीव वाचवणारा इशारा मागावा लागता कामा नये. नको असेल त्याने तो बंद करावा. पण तो सुरू ठेवणं ही यंत्रणेचीच जबाबदारी आहे.