चिट्टी गटारात का उतरत नाही?

दिग्दर्शक शंकर यांचा 'एंदिरन' (हिंदीत 'रोबोट') २०१० साली आला आणि त्याचा पुढचा भाग '२.०' हा २९ नोव्हेंबर २०१८ रोजी. नायक रजनीकांत, म्हणजे बंगळुरूच्या मराठी घरातले शिवाजीराव गायकवाड, म्हणून आपल्याकडेही कौतुक झाले. बहुतेक समीक्षकांचा सूर एकच होता: तंत्र अव्वल, कथा पातळ. मोबाईल कंपन्यांच्या संघटनेने तर टॉवरमुळे पक्षी मरतात हे दाखविणे अशास्त्रीय आहे, अशी तक्रार सेन्सॉर बोर्डाकडे केली. पक्षी आणि टॉवर यापलीकडे चर्चा गेली नाही.

'रोबो' शब्दाचा अर्थ मात्र कुणी विचारला नाही. चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून तो जगभर गेला. त्याचे मूळ 'रोबोटा', म्हणजे वेठबिगारी! हा अर्थ आमच्या पणजोबांना शब्दकोशातून शिकावा लागला नाही. महार वतनाच्या नावाखाली अख्ख्या गावाची वेठ त्यांच्या मानेवर होती. ती उतरविण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले.

मोरिवलीच्या एका कामगार पोराने मला विचारले, "साहेब, तो चिट्टी गटारात का नाही उतरत?" एवढा नेमका प्रश्न एकाही समीक्षणात मी वाचला नाही. चिट्टी बनतो लष्करासाठी. पहिल्या भागात न्यायालय त्याला मोडीत काढण्याचा आदेश देते. यंत्राला शिक्षा होते, पण माणसाला मॅनहोलमध्ये उतरविणाऱ्या कंत्राटदाराला शिक्षा झाल्याची उदाहरणे शोधावी लागतात. २०१३ चा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या वारसांना २०१४ साली १० लाख आणि २०२३ साली ३० लाख रुपये भरपाई ठरवून दिली. तरी माणसे मरतच आहेत.

यंत्र नाही, असेही नाही. '२.०' आला त्याच वर्षी केरळच्या तरुण अभियंत्यांचे मॅनहोल साफ करणारे 'बँडिकूट' तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागले. त्याला ना रजनीकांतचा चेहरा, ना गाणी. मग त्याचे समीक्षण कोण लिहिणार?

आता आपण अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरच्या पालिकांकडे माहिती अधिकारात अर्ज टाकू: गटारसफाईची यंत्रे किती, त्यातली चालू किती, आणि गेल्या तीन वर्षांत माणसे किती वेळा उतरविली? अर्जाचे शुल्क १० रुपये आहे.