उंदीर पडले, तर आधी विष नव्हे, निरोप!

सोयाबीनला भाव नाही म्हणून पोती घरात, आणि पोती घरात म्हणून उंदीर घरात. आपल्या जिल्ह्यात हे दरवर्षीचेच. मागे एका गावी बैठकीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "साहेब, औषध टाकलं नाही तरी घरातले उंदरं पटापट मरून रायले. बरंच झालं ना?" मी बोलण्याआधीच शेजारचा म्हणाला, "थोडं औषध अजून द्या, उरलेलेही जातील." सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही.

त्या गावात पुढे वावगे काही निघाले नाही. शेजारच्या घरी कोणी आमिष ठेवले होते, तेच खाऊन उंदीर आले होते. पण कारण कळेपर्यंतचे दोन दिवस मला जड गेले. का, ते आज आपल्यापुढे मांडतो.

आपल्या आजा-पणजांना हे सांगावे लागत नव्हते. घरात उंदीर पडला की गाव माळावर झोपड्या टाकून राहायला जाई. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेल्या प्लेगने महाराष्ट्र पिंजून काढला होता. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. पुढे औषधे आली, रोग मागे हटला. १९६६ नंतर देशात प्लेगचा रोगी नोंदला गेला नाही आणि आपण निर्धास्त झालो.

मामला गावची गोष्ट

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. धक्क्यांच्या धास्तीने मराठवाड्यात अनेक लोक घरे बंद करून बाहेर राहू लागले. बंद घरात धान्य आणि धान्यावर उंदीर. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर पडू लागले. पाठोपाठ माणसांना ताप आला, जांघेत आणि काखेत गाठी आल्या. उंदीर वाढण्याचे कारण म्हणून तेव्हा या बंद घरांकडेच बोट दाखवले गेले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाले. त्या साथीत देशात पन्नासच्या वर माणसे दगावली. काही देशांनी आपली विमाने थांबवली, आपल्या मालावर बंधने घातली. मृत्यूंच्या मानाने पैशाचा फटका कितीतरी मोठा बसला.

तेव्हा वाशीम जिल्हा वेगळा झालेला नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला. पण बीड आपल्यापासून काही फार लांब नाही.

प्लेग होता की नव्हता?

खरा घोळ पुढेच झाला. कोणी म्हणे हा प्लेग, कोणी म्हणे दुसराच ताप. कोणी तर म्हणे, परक्या देशाने जंतू सोडले! असे का झाले? एक तर इतक्या वर्षांत प्लेगचा जंतू ओळखण्याची सवय प्रयोगशाळांना राहिली नव्हती. दुसरे म्हणजे लोकांनी दुकानातून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या घेऊन आधीच खाल्ल्या होत्या. गोळी पोटात गेल्यावर नमुना घेतला, तर त्यात जिवंत जंतू सापडणे कठीण.

वाद मिटवायला उपयोगी पडली ती जंतूच्या जनुकांची तपासणी. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी सुरत आणि बीड या दोन्ही ठिकाणी मिळालेले जंतू तपासले आणि १९९६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जंतू प्लेगचाच होता. केंद्र सरकारने डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा निर्वाळाही तोच होता.

ही तपासणी म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. सोयाबीनच्या दोन वाणांचे दाणे तळहातावर घ्या. रंग तोच, आकार तोच. जाणत्या शेतकऱ्यालाही नुसत्या दाण्यावरून वाण सांगता येईलच असे नाही. पेरून पाहायचे तर हंगाम जातो. म्हणून आता प्रयोगशाळेत बियाण्याच्या जनुकांचा ठसा घेऊन वाण ओळखतात. जंतूंचेही तसेच. रोग्याच्या गाठीतले पाणी, बेडका किंवा रक्त घेतात आणि त्यात त्या जंतूचीच खास जनुके आहेत का, ते पाहतात. आणखी खोलात गेले, तर जंतूचा वाण कोणता, दोन गावांतल्या रोग्यांचा जंतू एकाच बेण्याचा आहे का, कोणते औषध त्याला मारील, याचाही माग लागतो.

आपल्या जिल्ह्याला हे अगदीच नवे नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातील देगाव येथे एका वसतिगृहात दोनशेच्या वर विद्यार्थी कोरोनाबाधित निघाले. त्याच सुमारास अमरावती विभागात साथ का उसळली हे पाहण्यासाठी विषाणूची जनुकीय तपासणी झाली. 'व्हेरियंट' हा शब्द तेव्हा पारावर पोचला. तो विषाणू, हा जंतू, पण बेणे ओळखण्याची रीत त्याच जातीची.

मग गावाने काय करायचे?

यंत्र कितीही मोठे असो, नमुना गावातूनच जातो. तो वेळेवर गेला नाही तर यंत्र काय करणार? आणि नमुन्याच्याही आधी जायला हवा तो निरोप.

विष न टाकता घरात, गोदामात उंदीर मरताना दिसले, तर आधी आजूबाजूला कोणी आमिष ठेवले होते का, याची चौकशी करा. कारण सापडले नाही, तर त्याच दिवशी आशाताई, पोलीस पाटील, ग्रामपंचायत यांच्यामार्फत प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. मेलेल्या उंदराला उघड्या हाताने शिवू नका, पोरांना शिवू देऊ नका.

अशा वेळी झिंक फॉस्फाइडचे आमिष मुळीच टाकू नका. मी कृषी खात्याचा माणूस, एरवी उंदीर मारा म्हणून मीच सांगत फिरतो. पण इथे क्रम उलटा आहे. प्लेगचा जंतू उंदरावरच्या पिसवांत असतो. उंदीर मेला की पिसवा थंड अंग सोडतात आणि दुसरे ऊबदार अंग शोधतात. ते आपले असू शकते. म्हणून आधी आरोग्य खात्याकडून पिसवांवर भुकटी, मगच उंदरांवर विष.

ताप आणि गाठ असेल, किंवा ताप आणि रक्ताचा खोकला असेल, तर दुकानातून गोळी आणून खाऊ नका. तडक दवाखाना गाठा. डॉक्टर आधी नमुना घेतील आणि लगेच औषध सुरू करतील, अहवालाची वाट पाहत बसणार नाहीत. वेळेत औषध मिळाले तर प्लेगचा रोगी बरा होतो. फुप्फुसाच्या प्लेगात मात्र एक दिवसाचा उशीरही जिवावर बेततो.

आज आपल्याकडे प्लेग आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण तो देशातून समूळ गेलेला समजू नका. २००२ मध्ये हिमाचल प्रदेशात आणि २००४ मध्ये उत्तरकाशीकडे त्याने पुन्हा डोके वर काढले होते. शिवाय उंदराच्या आसऱ्याने येणारे रोग आणखीही आहेत. २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसने माणसे दगावली. गवतातला बारीक किडा चावून येणारा हा ताप, आणि तो किडा उंदरांवर पोसतो. अंगावर काळी खपली आणि ताप असे दिसले, तर डॉक्टरांना खपली आवर्जून दाखवा.

शेवटी सरपंचांना आणि गावच्या अधिकाऱ्यांना एक विनंती. "राहू द्या ना साहेब, उगीच गावाचं नाव खराब होते," हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. नाव खराब होते ते कळवल्याने नव्हे. सुरतेत अफवा गावभर फिरली आणि खात्रीचा अहवाल मागून आला, म्हणून शहर पळाले. निरोप फुकट आहे. उंदीर विषाने मेले असे निघाले, तर दोन माणसांची एक फेरी वाया जाईल, एवढेच. तसे निघाले नाही, तर त्या एका फेरीने गाव वाचेल.