लेबल एकदाच लिहा!

डेटाबेसमधलं रेकॉर्ड पडद्यावर दाखवताना प्रत्येक फील्डसाठी तीच ती एचटीएमएल हाताने लिहायची, ही पद्धत आम्हाला मान्य नाही. ती आम्ही बंद करत आहोत.

ग्राहकाचं पान घ्या, ऑर्डरचं घ्या, पुरवठादाराचं घ्या. डावीकडे लेबल, उजवीकडे व्हॅल्यू. वीस फील्ड असली की वीस ओळी, एकीवरून दुसरी कॉपी-पेस्ट केलेली. जँगो या वेब फ्रेमवर्कच्या टेम्प्लेटमध्ये तारीख रिकामी असेल तर पानावर सरळ ‘नन’ छापलं जातं. ऑर्डरची स्थिती ‘प्रलंबित’ दिसायला हवी, तिथे डेटाबेसमधला नुसता ‘पी’ दिसतो, कारण त्या एका ओळीत डिस्प्लेची मेथड वापरायची राहून गेली. एका पानावर ही चूक दुरुस्त होते, उरलेल्या पानांवर ती तशीच राहते.

त्याच जँगोचं अ‍ॅडमिन मात्र रिकाम्या जागी डॅश दाखवतं आणि ‘पी’चं ‘प्रलंबित’ करतं. लेबल ते मॉडेलच्या व्हर्बोज नेममधून उचलतं. अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स इथल्या वृत्तपत्राच्या कचेरीत जँगो घडलं आणि २००५मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. तेव्हापासून अ‍ॅडमिनची सोय आपल्या हाताशी आहे. रेल्स या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्येही एका रेकॉर्डचं पार्शल लिहिलं की अख्खं कलेक्शन त्यातून रेंडर होतं. तरीही आपण स्वतःच्या पानांसाठी हमालीच करत बसतो!

आमचं म्हणणं साधं आहे. लेबल मॉडेलमध्येच राहील. तारीख, रक्कम, फॉरेन की कशी दाखवायची हे प्रकारानुसार एकदा ठरेल आणि तपशिलाचं टेम्प्लेट सगळ्या मॉडेल्सना मिळून एकच असेल. एखाद्या पानाला खरोखर वेगळी मांडणी हवी असेल, तर तेवढंच हाताने लिहू, आणि मन लावून लिहू.

सगळी फील्ड आपोआप पडद्यावर ओतायला मात्र आमचा ठाम विरोध आहे. उद्या कुणी मॉडेलमध्ये अंतर्गत शेऱ्याचा कॉलम वाढवला, तर तो ग्राहकाला दिसता कामा नये. जँगो १.८ने २०१५मध्ये मॉडेलफॉर्मला फील्ड स्पष्टपणे सांगणं सक्तीचं केलं, ते अशाच धोक्यापायी. कोणती फील्ड दाखवायची याची यादी प्रत्येक मॉडेलशेजारी एकदाच लिहिली जाईल आणि सगळी पानं तीच वाचतील.

तुमच्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात लांब तपशिलाचं टेम्प्लेट याच आठवड्यात उघडा, त्यातली हाताने लिहिलेली लेबलं मॉडेलमध्ये हलवा आणि आमच्यात सामील व्हा.