विश्लेषण : ग्रीन टी प्यायल्याने म्हातारपणी स्मरणशक्ती टिकते का?

‘रोज तीन कप ग्रीन टी प्या, विसराळूपणा टाळा’ अशा पोस्ट सोशल मीडियावर सतत फिरत असतात. हा दावा अगदीच हवेतला नाही. त्यामागे जपानमधलं मोठं संशोधन आहे. पण संशोधनात सापडलं ते वेगळं आणि पोस्टमध्ये उरलं ते वेगळं. घरात साठी ओलांडलेलं कुणी असेल, तर हा फरक समजून घ्यायलाच हवा.

जपानच्या संशोधनात काय आढळलं?

हे संशोधन जानेवारी २०२५ मध्ये ‘एनपीजे सायन्स ऑफ फूड’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. स्मृतिभ्रंश नसलेल्या, ६५ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या ८,७६६ जणांच्या मेंदूचे एमआरआय त्यात तपासले होते. रोज २०० मिलिलिटर किंवा त्याहून कमी ग्रीन टी पिणाऱ्यांशी इतरांची तुलना केली गेली. रोज ६०० मिलिलिटर पिणाऱ्यांच्या मेंदूतल्या ‘व्हाइट मॅटर’वरचे डाग सुमारे ३ टक्क्यांनी कमी होते, तर १,५०० मिलिलिटर पिणाऱ्यांमध्ये ६ टक्क्यांनी.

व्हाइट मॅटर म्हणजे मेंदूच्या वेगवेगळ्या भागांना जोडणारं तारांचं जाळं. बारीक रक्तवाहिन्या खराब होत गेल्या की तिथे डाग दिसू लागतात. ते वाढले की विचारांचा वेग मंदावतो, चालताना तोल जाऊ शकतो आणि स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो.

मग पोस्टमध्ये काय गाळलं जातं?

आठवणी साठवण्यात महत्त्वाचा असलेला मेंदूचा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. त्याच्या आकारात ग्रीन टी पिणाऱ्या आणि न पिणाऱ्यांमध्ये फरक आढळला नाही. संपूर्ण मेंदूच्या आकारातही नाही. नैराश्य असलेल्यांमध्ये आणि अल्झायमरचा धोका वाढवणारं जनुक असलेल्यांमध्ये डागांचा संबंधही स्पष्ट दिसला नाही.

शिवाय ही पाहणी एखाद्या फोटोसारखी आहे. त्या वेळी कोण किती चहा पीत होतं आणि मेंदू कसा होता, एवढंच ती सांगते. चहामुळे डाग कमी झाले, की मुळात तब्येत सांभाळणारी माणसंच ग्रीन टी जास्त पितात, हे त्यातून ठरत नाही. उलटही असू शकतं. विसरायला लागलेला माणूस स्वतः चहा करून पिणंच कमी करतो.

मुद्दाम ग्रीन टी देऊन पाहिला तेव्हा?

खरी कसोटी हीच. जपानमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्मरणशक्ती कमी झालेल्या ३३ ज्येष्ठांचा समावेश होता. काहींना वर्षभर रोज २ ग्रॅम ग्रीन टी पावडर दिली, काहींना तशीच दिसणारी साधी पावडर. आकलनाच्या चाचणीत दोन गटांत लक्षणीय फरक पडला नाही.

२०२४ साली ९९ ज्येष्ठांवरचा आणखी एक प्रयोग आला. त्यात वर्षभर रोज २ ग्रॅम माचा, म्हणजे ग्रीन टीचीच बारीक पूड, दिली होती. समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यात थोडी सुधारणा दिसली, पण आकलनाच्या मुख्य चाचण्यांत ठोस फरक नव्हता. या संशोधनात ग्रीन टी विकणाऱ्या कंपनीचाही सहभाग होता.

दोन्ही प्रयोग लहान आहेत. म्हणून ‘काहीच उपयोग नाही’ असंही म्हणता येत नाही. ‘सिद्ध झालंय’ असं तर नाहीच नाही.

आपल्या घरातल्या चहाचं काय?

आपला नेहमीचा चहा आणि ग्रीन टी एकाच झाडाच्या पानांपासून होतात, फरक प्रक्रियेचा. गवती चहा मात्र वेगळंच गवत आहे, हे संशोधन त्याला लागू होत नाही.

जपानमध्ये ग्रीन टी सहसा बिनसाखरेचा पितात. आपल्याकडे दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तर सुमारे ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. त्यातले दोन कप बिनसाखरेच्या ग्रीन टीचे केले, तर साखर निम्मी होते. हा फायदा पक्का आहे.

काळजी कुणी घ्यावी?

रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी ग्रीन टी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. रक्त कमी असलेल्यांनी तो जेवणासोबत घेऊ नये, कारण अन्नातलं लोह शोषलं जाण्यात अडथळा येतो. झोपेची तक्रार असेल तर संध्याकाळनंतर टाळावा. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांपासून जास्त सावध राहायला हवं. अर्काच्या मोठ्या मात्रेमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

मग मेंदूसाठी खात्रीचं काय?

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये १४ धोक्यांची यादी दिली. ते सगळे आयुष्यभर टाळता आले, तर जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतात, असं आयोग म्हणतो. त्या यादीत उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, तंबाखूचं धूम्रपान, कमी ऐकू येणं, कमी दिसणं आणि एकटेपणा आहे.

व्हाइट मॅटरवरच्या डागांमागेही उच्च रक्तदाब हे मोठं कारण असतं. म्हणून आई-वडिलांना ग्रीन टीचा डबा जरूर आणून द्या. पण त्याआधी त्यांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता ते विचारा, आणि टीव्हीचा आवाज हल्ली फार मोठा लागत असेल तर कानांची तपासणी करून घ्या.