प्राणवायू आणि विडी

दिवाळीसाठी पेण-रोह्यास घरी जाणाऱ्या मुंबईकरांच्या सामानात पूर्वी मिठाईचा पुडा असे. 2020-21 च्या करोनानंतर काहींच्या सामानात हवेतून प्राणवायू वेगळा काढणारे यंत्रही असते. वडिलांची फुफ्फुसे थकलेली, रक्तात प्राणवायू कमी. डॉक्टरांनी लिहून दिले, मुलाने घेतले. यात वावगे काही नाही. अशा रोग्यांनी दिवसाचे निदान 15 तास प्राणवायू घेतला तर ते अधिक जगतात, असे 1981 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत दिसून आले.

पण वडील अजून पडवीत बसून विडी ओढतात, हे डॉक्टरांना सांगितले का? पुष्कळ घरी ते झाकलेच जाते. एक तर वडिलांची भीड. शिवाय यंत्र नाकारतील ही धास्ती.

प्राणवायू स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्याला चेतवतो. नळीतून येणारा वायू मिशीत, उशीत, पांघरुणात मुरतो. एरवी विझून जाणारी ठिणगी तेथे भडका घेते. चेहरा भाजतो, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यांचाही जीव धोक्यात येतो. शिवाय विडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो. म्हणजे एका हाताने द्यावे नि दुसऱ्याने काढून घ्यावे!

म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2018 साली सांगितले, की सोडण्यासाठी सल्ला व उपचार देऊ करूनही जो धूम्रपान करीतच राहतो, त्याला दीर्घकाळचा प्राणवायू घरी देऊ नये. तेव्हा ‘आधी विडी सोडा’ म्हणणारा डॉक्टर निर्दय नव्हे. तो साऱ्या घराचा विचार करतो.

मात्र नुसत्या दटावणीने चाळीस वर्षांची सवय सुटत नाही. निकोटिनचे च्युइंगम आहे, औषधे आहेत, 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर फुकट सल्लाही मिळतो. डॉक्टरांना विचारून त्यांचा आधार घ्यावा.

आणि यंत्र घरी आलेच, तर समई, उदबत्ती, शेगडी, फुलबाज्या त्यापासून निदान 10 फूट दूर ठेवाव्यात. नाकाला तेल किंवा व्हॅसलिन लावू नये. वापर नसेल तेव्हा यंत्र बंद करावे. नळी पांघरुणावर चालू सोडू नये.

फराळ आटोपला, की वडिलांजवळ शांतपणे बसा आणि हा विषय काढा. पुढच्या खेपेस डॉक्टरांना सारे खरे सांगा. वडिलांची अब्रू त्याने जाणार नाही. जीव मात्र वाचेल.